एक साखळी कमी

लग्न होऊन मी वर्ध्याकडून जबलपूरला आले, तेव्हा आमच्या ह्यांचा गुडघा आधीच गेलेला होता. कॉलेजात असताना हे अर्ध्या मैलाच्या शर्यती पळायचे. मग एका पावसाळ्यात नर्मदेच्या घाटावर पाय घसरला आणि पळणं संपलं. शाळेत ड्रिल मास्तरची नोकरी मिळाली, गावाबाहेरच्या गढा वस्तीत दोन खोल्या घेतल्या. चालताना उजवा पाय जरासा ओढायचा, पण त्याबद्दल कोणी काही बोललेलं त्यांना खपत नसे. मीही बोलत नसे.

शाळेत एका टांगेवाल्याचा मुलगा होता, सतरा-अठरा वर्षांचा. टांग्यात सवाऱ्या भरलेल्या असल्या की हा मागून पळत शाळेत यायचा, आणि प्रार्थनेला उभा राहिला तरी त्याला धाप लागलेली नसायची. ह्यांनी ते पाहिलं आणि त्या दिवसापासून आमच्या घराला स्वस्थता राहिली नाही. मदन महालच्या टेकडीखाली एक सपाट माळ होता. तिथे ह्यांनी पावलं टाकून चारशे चाळीस यार्डांचं रिंगण मोजलं आणि चुना लावलेले दगड मांडले. अर्धा मैल म्हणजे दोन फेऱ्या. पोरगा पहाटे उजाडताच यायचा. मी रात्री भिजवलेले चणे, गूळ आणि लोटाभर दूध घेऊन ह्यांच्यामागे माळावर जायची.

सुरुवातीला नुसती डबा धरून उभी राहायची. पण हे पहिल्या वळणाशी उभे राहून पोराला ओरडून सांगत असत, आणि तिथून सुरुवातीच्या दगडापर्यंत यायला त्यांना वेळ लागे. शेवटी शाळेचं स्टॉपवॉच माझ्या हातात आलं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, मास्तरीणबाई सकाळी सकाळी पोरांची शर्यत लावायला जाते. मला त्याचं काही वाटत नसे. खरं सांगायचं तर मला ते घड्याळ फार आवडायला लागलं होतं. घरी पोळ्या लाटतानासुद्धा अंगठा आपोआप दाबला जायचा. दिवसभर काहीतरी मोजत राहायचं, दूध उतू जायला किती वेळ, नळाखाली बादली भरायला किती वेळ. रिकामं बसणं मला जमेनासं झालं.

डिसेंबरात पोरगा दोन फेऱ्या बरोबर दोन मिनिटांत पळाला. मी तीनदा काटा पाहिला. हे लंगडत धावत आले, घड्याळ हातात घेतलं आणि तसेच उभे राहिले. त्याच दिवशी त्यांनी नागपूरला पत्र लिहिलं. नागपूर तेव्हा आमच्या प्रांताची राजधानी, तिथेच प्रांताचे खेळ व्हायचे. पत्रात वेळ लिहिली, खाली सही केली. आठ दिवसांनी उत्तर आलं की मुलाला घेऊन या.

जायला आठवडा उरला असताना माझे बाबा आले. बाबा जमीन मोजणीच्या खात्यात होते. मंडल्याकडच्या छावणीतून परत जाताना दोन दिवस माझ्याकडे उतरले. मोजणीची साखळी त्यांच्यासोबतच होती. सकाळी मी त्यांना कौतुकाने माळ दाखवायला नेलं. पळणं झालं, हे पोराला घेऊन शाळेत गेले, आणि बाबा रिंगणाकडे बघत म्हणाले, "किती आहे म्हणालीस हे?"

"चारशे चाळीस यार्ड."

"म्हणजे वीस साखळ्या. दिसत नाही बाई वीसची."

मला हसू आलं. म्हटलं, "मग मोजा."

लहानपणी छावणीत साखळीचं दुसरं टोक मीच धरत असे, त्यामुळे ते काम माझ्या हाताला ठाऊक होतं. आम्ही दगडादगडाने पूर्ण रिंगण मोजलं. एकोणीस भरलं. उलट्या बाजूने परत मोजलं. एकोणीसच.

एक साखळी म्हणजे बावीस यार्ड. दोन फेऱ्यांत चव्वेचाळीस. मी तिथेच गवतावर बसले. पोराची दोन मिनिटं खोटी होती. नागपूरला गेलेलं पत्र खोटं होतं. पण त्याहून मोठी गोष्ट मागाहून माझ्या लक्षात आली. ह्यांनी रिंगण आपल्या पावलांनी मोजलं होतं. कॉलेजात असताना त्यांचं पाऊल बरोबर एक यार्डाचं होतं, हे ते सगळ्यांना सांगत. गुडघा गेल्यावर ते आखूड झालं होतं आणि त्यांना ते माहीतच नव्हतं.

"मी सांगू का जावईबापूंना?" बाबांनी विचारलं.

"नको. मी सांगते."

"आजच सांग."

दुसऱ्या दिवशी बाबा गेले आणि मी सांगितलं नाही. जेवायला वाढताना तोंड उघडायची, आणि हे नागपूरबद्दल काहीतरी बोलायला लागायचे. गोंदियाच्या छोट्या गाडीने जायचं, पुढे मोठी गाडी धरायची, पोराला खिडकीशी बसू द्यायचं नाही, वाऱ्याने अंग आखडतं. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी भांडी दोनदा घासली. अंगण झाडलं, पुन्हा झाडलं. शेवटी मला एक युक्ती सुचली, आणि तेव्हा ती फार शहाणपणाची वाटली.

भर दुपारी मी एकटी माळावर गेले. लांबच्या वळणाचे सगळे दगड उचलून अकरा अकरा यार्ड पलीकडे नेऊन ठेवले. दोन्ही सरळ बाजू तेवढ्या वाढल्या की फेरी बावीस यार्डांनी वाढते, एवढं मोजणीवाल्याच्या मुलीला कळत होतं. जुन्या जागी पडलेला चुना मातीत घासून टाकला. मनात म्हटलं, पाच दिवस खऱ्या अंतरावर पळेल, त्याला सवय होईल, आणि कोणाला काही सांगावं लागणार नाही.

दुसऱ्या सकाळी पोरगा पळाला. घड्याळात दोन मिनिटं सात सेकंद.

"काय झालं रे तुला?" हे म्हणाले. "पुन्हा."

दुसऱ्या वेळी दोन मिनिटं नऊ सेकंद. ह्यांचा चेहरा बदलला. "आठवड्यावर शर्यत आहे आणि तू आळस करून राहिलास? नखरे आले का आत्तापासून? चल, पुन्हा!"

"अहो, दम घेऊ द्या त्याला," मी म्हटलं.

"तू घड्याळ बघ."

पोरगा ओठ घट्ट मिटून उभा राहिला आणि ह्यांचा हात खाली येताच सुटला. तसं पळताना मी त्याला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. लांबच्या वळणावर अचानक त्याने मांडी धरली, दोन पावलं तसाच गेला आणि खाली बसला.

आम्ही दोघं पोचलो तेव्हा तो गवत मुठीत धरून बसला होता. मांडीची मागची शीर भरून आली होती. हे खाली बसून तिला हात लावू लागले, आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

"रिंगण आखूड होतं," मी म्हटलं. "बाबांनी साखळीने मोजलं. एकोणीसच साखळ्या होत्या. काल दुपारी मी इकडचे दगड सरकवले. तो हळू नाही पळाला. अंतर वाढलं आहे."

ह्यांनी वर पाहिलं. पण आधी पोरगाच बोलला. "हमें मालूम था, दीदी."

"काय मालूम होतं?"

"पत्थर सरके हैं, सो तो आते ही दिख गया. हम समझे मास्साब ने सरकाए हैं. हमारी परीक्षा ले रहे हैं."

"आणि तरी तीनदा पळालास?" ह्यांनी विचारलं.

"आप कहते, तो चौथी बार भी दौड़ते."

हे उठले आणि चालू लागले. घराकडे नाही, रिंगणावरून. एक एक पाऊल पूर्ण टाकायचा प्रयत्न करत, ओठ हलवत, मोजत. अर्ध्यावर थांबले. मग परत आले आणि मला एवढंच म्हणाले, "काहून सांगितलं नाहीस?"

त्यांच्या पायाचं नाव मी तेव्हाही घेऊ शकले नाही. त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

त्या दुपारी त्यांनी नागपूरला दुसरं पत्र लिहिलं, की मी कळवलेली वेळ चुकीची आहे, चूक माझ्या मोजण्यात होती, मुलाचा तिच्यात दोष नाही, तरी त्याला पळू द्यावं. लिहून मला वाचायला दिलं. मी हळद उगाळत होते. चार दिवस पोरगा आमच्याच ओसरीवर पडून होता. हे सकाळ-संध्याकाळ त्याची मांडी तेलाने चोळत आणि मी लेप लावत असे. त्याची आई रोज येऊन बसायची. तिला आम्ही सांगितलं की पळताना शीर भरली. त्यापुढचं सांगायचं धैर्य मला झालं नाही.

पाचव्या दिवशी दोघं गेले. पोरगा चालत गाडीत चढला, पण पायरीवर डावा पाय टाकताना त्याने दांडी धरली, ते मी पाहिलं.

नंतरचे तीन दिवस मी घरात राहिले असं म्हणता येणार नाही. तलावापर्यंत जायची, परत यायची. टांगेवाल्याच्या घरी जायची, त्याची बायको म्हणायची, "बैठो दीदी," आणि मी बसायच्या आत उठायची. शर्यत दुपारची होती हे माहीत होतं, म्हणून त्या दुपारी चूल पेटवलीच नाही.

ते आले त्या सकाळी मी गाडीच्या कितीतरी आधी स्टेशनावर होते. पोरगा उतरला, हसला, माझ्या पाया पडला. "पाँचवाँ आया, दीदी. छह में पाँचवाँ." पहिल्या फेरीला तो पुढे होता. दुसऱ्या फेरीच्या वळणावर मांडीने दगा दिला, चौघे निघून गेले, पण त्याने शर्यत सोडली नाही. त्याच्यापेक्षा हेच जास्त भरभरून सांगत होते. नागपूरच्या मैदानाची माती कशी, कोणता पोरगा कसा सुटला, आपल्याला पुढच्या वर्षी काय बदलायला हवं.

टांग्यात बसल्यावर मी विचारलं, "पाय ठीक असता तर?"

"तर कदाचित पहिला आला असता," हे म्हणाले. " कदाचित पाचवाच. ते आता आपल्याला कधीच कळणार नाही." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढल्या वर्षी तो दुसरा आला आणि त्या जोरावर पोलिसात लागला. निरोप घ्यायला आला तेव्हा पेढे घेऊन आला. आई-बाप, हे, शेजारी, सगळे हसत होते. मी त्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि जे वर्षभर बोलायचं राहिलं होतं ते बोलले, की तुझ्या पायाला मी जबाबदार होते.

तो गोंधळला. "कौन से पाँव को?" म्हणाला.

त्याच्या ते लक्षातही नव्हतं. मी त्याच्या हातावर दही ठेवलं आणि तो गेला. बाहेर टांगा सुरू झाल्याचा आवाज आला. मी पुन्हा अंगण झाडायला घेतलं, सकाळी झाडलेलं असूनही. ह्यांनी दारातून पाहिलं आणि केर भरायला सुपली आणून दिली.