काकूंच्या ओट्यावर केलेली चॉकलेटं

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकू जैन. आम्ही या इमारतीत राहायला आलो तेव्हापासून त्यांची माझ्यावर माया. माझं दुखलंखुपलं बघायच्या, मुलं लहान होती तेव्हा त्यांना घरी नेऊन गरम भाकरी-भाजी भरवायच्या. पण आमच्या स्वयंपाकघरातलं कधी तोंडात घालायच्या नाहीत. दिवाळीचा फराळ, संक्रांतीच्या पोळ्या, काही नेलं तरी हात जोडायच्या. "पोरांना दे ग, माझं नियम हाईत," एवढंच.

मला कळत होतं. आमच्यात रविवारी मटण शिजतं, तीच भांडी, तोच ओटा. कळत होतं, पण पटत नव्हतं. मी मुळात तापट. नवऱ्याला म्हणायची, "आपल्या घरात काय विष शिजतंय?" तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा, "खाईनात तर खाईनात. तुझं काय अडलंय?" माझं अडलं होतं. काहीही करून काकूंना माझ्या हातचं खायला घालायचं, हे मी डोक्यात घेतलं होतं.

गेल्या हिवाळ्यात सासरच्या गावाहून, गडमुडशिंगीहून, भुईमुगाची शेंग आली. मुलीनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. शेंगदाण्याचं पीनट बटर घरीच करायचं, त्याच्या वड्या पाडायच्या आणि त्या चॉकलेटमध्ये बुडवायच्या. अंडं नाही, कांदा-लसूण नाही, शिजवणंही नाही. मी तडक समोर गेले आणि काकूंना म्हणाले, "तुमच्या घरात करते. भांडी तुमची, मिक्सर तुमचा, पाणी तुम्ही गाळलेलं. मग तरी खाशीला?"

काकू हसल्या. "इतकं म्हणतीस तर खातो की. पर दिवस मावळायच्या आत व्हाय पायजे."

दुपारी मी त्यांच्या ओट्याशी उभी राहिले. दाणे मंद आचेवर भाजले. काकूंनी ते हातानं चोळून सुपात घेतले आणि गॅलरीत जाऊन असे पाखडले की एक टरफल मागं राहिलं नाही. मग मिक्सर. आधी कूट झालं, मग त्याचा गोळा होऊन तो भांड्याच्या कडेला चिकटून बसला. काकू म्हणाल्या, "बिघडलं वाटतंय." मी म्हटलं, "थांबा, तेल सुटू द्या." मिक्सर तापला की थांबायचं, कडेचं खरवडायचं, पुन्हा फिरवायचं. शेवटी ते सैल, चकचकीत झालं तेव्हा काकूंनी लहान पोरीसारखं वाकून भांड्यात बघितलं.

चिमूटभर मीठ आणि दुधाची पावडर घातली. मग पिशवीतली बाटली काढून त्यातलं दाट, तपकिरी असं ओतलं. काकू शेजारीच उभ्या होत्या. बघत होत्या. काही बोलल्या नाहीत.

गोळा ताटात थापून फ्रीजमध्ये ठेवला. तोवर शाहूपुरीतल्या दुकानातून आणलेली चॉकलेटची लादी फोडून गरम पाण्यावरच्या भांड्यात विरघळवली. वड्या कापल्या, दोन काट्यांवर धरून एकेक बुडवली, निथळली, कागदावर ठेवली. काकू सारख्या खिडकीतून उन्हाकडे बघत होत्या. ऊन समोरच्या गच्चीवर गेलं तेव्हा चॉकलेट एकदाचं धरलं. त्यांनी एक वडी उचलली, डोळे मिटून हात जोडले आणि खाल्ली. "ब्येस झालंय," म्हणाल्या.

त्या क्षणी माझ्या मनात माया-बिया काही आली नाही. जिंकले, एवढंच आलं. हे लिहिताना कान गरम होतात, पण तसंच झालं.

दोन-तीन दिवसांनी त्यांच्याकडे मंदिरातल्या बायका जमल्या होत्या. काकूंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. उरलेल्या वड्या ताटलीत मांडल्या होत्या आणि काकू सगळ्यांना सांगत होत्या, "आमच्या ह्या पोरीनं केल्यात, माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत." एकीनं विचारलं, "कसं केलंस, सांग की." मग काय, मी सुरूच झाले. टीव्हीवरच्या बाईसारखं हातवारे करत सगळं सांगितलं आणि शेवटी ठसक्यात म्हणाले, "खरी गंमत मधाची बरं का. आमच्या ह्यांनी पन्हाळ्याकडून आणलेला अस्सल मध आहे. साखर घातली असती तर ही चव आली नसती."

एकीनं हातातली अर्धी वडी ताटलीत परत ठेवली. दुसरी उठून बेसिनकडे गेली आणि चुळा भरायला लागली. तो आवाज बाहेर ऐकू येत होता. मला काहीच कळेना. मग एक वयस्कर बाई हळूच म्हणाल्या, "मध आमाला चालत न्हाय बाई. माश्यांचं घर मोडून काढत्यात त्यो."

आमच्याकडे जन्मल्या बाळाच्या जिभेला मध लावतात. पंचामृतात देवाला घालतात. त्याच्याइतकं पवित्र काही नाही, अशाच समजुतीत मी वाढलेली. अंड्याचं बघितलं, कांद्याचं बघितलं. मधाचं विचारायचं माझ्या स्वप्नातही आलं नाही. आणि काकूंनी का विचारलं नाही, ते त्यांच्याच तोंडून कळलं.

"तिला काय म्हणू नगा," काकू म्हणाल्या. "माझ्याम्होरं वतलं तिनं. मला काकवी वाटली. आपल्याकडं अशा बाटलीत दुसरं काय असतंय? इचारायचं काम माझं हुतं."

सगळ्यांदेखत त्यांनी माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली आणि मी खाली मान घालून बसून राहिले. कशीबशी घरी आले आणि लाज वाटायच्या ऐवजी आधी भांडले. "मला कुणी सांगायचं नाही का?" नवरा म्हणाला, "तू कुणाला विचारलंस?" मग मात्र रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोर गेले. काकू गॅलरीत जपमाळ घेऊन बसल्या होत्या. ओठ सुकले होते. मंदिरात जाऊन त्यांनी उपवास धरला होता, पाणीसुद्धा नव्हतं. मी त्यांच्या पायाशी बसले. "काकू, माझ्यामुळं झालं हे. आणि खरं सांगू का, मी काही तुमच्या प्रेमापोटी केलं नव्हतं. तुम्ही कसं खात नाही तेच मला बघायचं होतं."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या.

मी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधला. नव्हता.

"मला चॉकलेट आवडतच न्हाय ग. नातवंडं आणत्यात, मी हातबी लावत न्हाय. लई कडू लागतंय."

"मग खाल्लंत कशाला?"

"इतकी वर्सं तुझं ताट परत धाडत आलो. दर टायमाला माघारी जाऊन दार आपटायचीस तू. मला काय ऐकू येत न्हवतं व्हय? म्हटलं, एकडाव खाऊया. पोरीचं समाधान हुईल."

इतक्या वर्षांत त्यांनी त्या दाराबद्दल एका शब्दानं विचारलं नव्हतं, उलट संध्याकाळी माझ्या मुलांना जेवायला हाक मारली होती. मी उठले, त्यांच्या पायांना हात लावला आणि घरी आले. आत येऊन दार लावताना कडी हातात धरून ठेवली, आवाज होऊ नये म्हणून.