दिघेकाकांनी निवडून दिलेले टायर

दिघेकाका कुणाच्याही घरी गेले की बेल वाजवायच्या आधी दारातल्या गाडीपाशी वाकायचे. उजव्या अंगठ्याचं नख टायरच्या रबरात रोवायचे, क्षणभर थांबायचे, आणि मगच आत येऊन घरच्यांची विचारपूस करायचे. इंदूरला सुदामा नगरातल्या आमच्या गल्लीत बारसं असो की सत्यनारायण, प्रसाद हातात पडण्याआधी यजमानाला ऐकून घ्यावं लागे. "जोशीजी, मागचा डावा गेला बरं का. या महिन्यात बदला, नहीं तो मैं खुद आके बदलवा दूँगा." लोक हसायचे, आणि टायर बदलायचे.

ते विम्याच्या कामात होते. अपघात झालेल्या गाड्या तपासून नुकसान कशामुळे झालं ते ठरवायचं, हेच त्यांनी आयुष्यभर केलं. धार रोडपासून खंडव्याच्या घाटापर्यंत जिथे गाडी उलटली तिथे काका पोचलेले. "मी जातो तोवर माणसं हलवलेली असतात," ते सांगायचे. "गाडी एकटी असते. मग तीच बोलते माझ्याशी." आणि गाडी बहुतेक वेळा टायरचीच तक्रार करते, असं त्यांचं म्हणणं. समोरच्याचा हात धरून, त्याचा तळवा टेबलावर दाबून ते विचारायचे, "एवढी मोठी गाडी रस्त्याला टेकते किती? बस, असे चार तळवे. बाकी सब दिखावा है."

त्यांचे आणि आमचे आजोबा होळकरांच्या कचेरीत शेजारी शेजारी बसून कारकुनी करायचे. बाबा आणि काका एका वर्गात. मी कॉलेजात असताना बाबा गेले, तेव्हा हॉस्पिटलपासून आईच्या पेन्शनपर्यंत सगळं काकांनी धावपळ करून निस्तरलं. आम्हाला फक्त सह्या कराव्या लागल्या. पुढे काकू गेल्या आणि काका रविवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागले. आई त्यांना भावजी म्हणे, ते तिला वहिनी. गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं, त्यांच्या करड्या मोटारीत, रिकाम्या मैदानावर विटा मांडून. वीट पडली की ओरडायचे नाहीत. खाली उतरून वीट उभी करायचे आणि म्हणायचे, "ये आदमी था, बेटा. फिर से."

हे सगळं लिहिताना अजूनही माया दाटून येते, आणि मग माझा मलाच राग येतो.

मी एका कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवते. तीन वर्षांपूर्वी मी एक वेडेपणा केला. एका कापडव्यापाऱ्याच्या मुलाला त्याच्या स्पोर्ट्स कारचा कंटाळा आला होता. लाल, बुटकी, दोन दारांची, दोनच माणसांची, जपानी बनावटीची जुनी गाडी. ती मी घेतली. आईनं आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "यात बसायचं की निजायचं?" गल्लीत चर्चा झाली की मास्तरणीला हे काय सुचलं. काका मात्र गाडीभोवती फिरत राहिले, लहान मुलासारखे. मग वाकले. नख रोवलं. उठले तेव्हा चेहरा डॉक्टरसारखा झाला होता. "गाडी हीरा है. पण हिचे बूट संपले आहेत, मुग्धा."

स्पोर्ट्स कारचे टायर ही काय चीज असते ते मला तेव्हा कळलं. पुढचे अरुंद, मागचे रुंद, त्यामुळे पुढचे मागे टाकता येत नाहीत. माप असं की इंदूरच्या दुकानांत माणसं आधी टायरकडे, मग माझ्याकडे बघत. बाहेरून मागवायचे तर चार टायरांच्या पैशांत एखादी जुनी छोटी गाडी आली असती. माझी बचत गाडीतच गेली होती.

"पैसा कम है तो शौक कम करो, रबर में कंजूसी मत करो," काका म्हणाले आणि कामाला लागले. महिनाभर आम्ही दुकानं पालथी घातली. तो महिना फार सुखाचा होता, हे मला आजही नाकारता येत नाही. काका मला एकेक गोष्ट समजावत. टायरवर वेगाची मर्यादा लिहिलेली असते, ती थोडी कमी चालेल, "तुला काय विमान उडवायचंय?" पण वजन पेलायची ताकद कमी चालणार नाही. दोनच बदलायची वेळ आली तर नवे मागे टाकायचे, कारण मागची चाकं सुटली की गाडी गरकन फिरते. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याच जातीचा, असं कधी करायचं नाही. वापरलेले टायर फुकट मिळाले तरी घ्यायचे नाहीत. आणि सर्वात महत्त्वाचं, टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. तो टायरचा जन्म. "नक्षी नवी दिसते म्हणून फसू नको. पडून पडून रबर दगड होतं. कोरड्या रस्त्यावर चालून जातं, ओल्यावर धोका देतं."

एका दुकानदारानं स्वस्त जोड दाखवली, तेव्हा काकांनी आकडे वाचून त्याला सगळ्यांसमोर झापलं. "भिया, ये टायर है कि अचार? बरनी में भर के रखो." मी पोट धरून हसले होते.

काकांचा मुलगा समीर माझ्याहून थोडा लहान. नोकरी सोडून त्यानं देवास नाक्याजवळ टायरांचं दुकान काढलं होतं. आम्ही तिथे सुरुवातीला गेलोच नव्हतो. "घरच्यांशी सौदा नको," असं काकाच म्हणाले होते. मग एका रविवारी जेवताना, आमटी भातावर ओढून घेत ते सहज म्हणाले, "समीरकडे तुझ्या मापाचे चार आलेत. नवे आहेत. तुझ्या बजेटमध्ये बसतील." आईनं हात जोडले. "भावजी, तुम्ही आहात म्हणून निभतं आमचं."

टायर बसवायच्या दिवशी काका जातीनं हजर होते. काळेभोर, चकचकीत टायर भिंतीला टेकून ठेवले होते. मी जवळ जाऊ लागले तर म्हणाले, "इथे धूळ फार आहे, बेटा. तू समोर जाऊन पोहे सांग, मी बघतो ना." मी गेले. पोहे-जलेबी घेऊन आले तेव्हा तीन चाकं चढली होती. काका हात पाठीमागे बांधून उभे होते. चार आकडे बघायचं माझ्या मनातही आलं नाही. ज्या माणसानं बघायला शिकवलं तो स्वतः उभा असताना मी काय बघणार होते?

उन्हाळा लागला होता. एका सकाळी मी आणि आई खजरान्याच्या गणपतीला निघालो. आईला ती गाडी एव्हाना आवडू लागली होती. खाली बसल्यावर आकाश मोठं दिसतं, म्हणायची. रस्ता महापालिकेच्या टँकरनं नुकताच धुतलेला, चकाकत होता. पुढचा रिक्षावाला एकदम थांबला. मी ब्रेक दाबला. वेग फार नव्हता, अंतर पुरेसं होतं. गाडी थांबायला हवी होती. ती घसरत गेली, जशी पाटावरून वाटी सरकते तशी, आवाजही न करता. मी चाक वळवलं, रिक्षा वाचली, आणि आम्ही दुभाजकावर आदळलो. आईनं आधारासाठी पुढे केलेला हात मनगटात मोडला. ती ओरडली नाही. तिनं मला विचारलं, "रिक्षात कुणी होतं का गं?"

आईच्या हातावर शस्त्रक्रिया झाली, आत धातूची पट्टी बसवली. काका दवाखान्यात रोज यायचे, फळं आणायचे, खुर्चीत गप्प बसायचे. मला वाटलं, वहिनींसाठी जीव तुटतोय.

गाडी मी घराजवळच्या गॅरेजला टाकली होती. वाकलेली रिम सरळ करायला त्यांनी चाक काढून आडवं ठेवलं होतं. मी विम्याचे फोटो घ्यायला गेले आणि टायरची आतली बाजू प्रथमच पाहिली. तिथे चार आकडे होते. हे आकडे टायरच्या एकाच अंगावर असतात, आणि ते अंग आत वळवून बसवलं होतं. मी दुसरं चाक काढायला लावलं. मग उरलेली दोन. चारही टायर सात वर्षांचे म्हातारे. मी अंगठ्याचं नख रोवून पाहिलं. फरशीत रोवावं तसं झालं.

तेव्हा मला ते पाठीमागे बांधलेले हात आठवले. रस्त्यात उभ्या परक्याच्या गाडीलाही नख लावल्याशिवाय पुढे न जाणारा माणूस त्या दिवशी चार टायरांसमोर उभा राहिला आणि त्यानं एकालाही हात लावला नव्हता.

काकांचं दार उघडंच होतं. ते पेपर वाचत बसले होते. "ये. वहिनींची सूज उतरली का?"

"टायर जुने होते, काका."

ते चमकतील, समीरला फोन लावून शिव्या देतील, कुठल्याशा घाऊक व्यापाऱ्याचं नाव घेतील. गॅरेजपासून त्यांच्या घरापर्यंत मी मनातल्या मनात एवढंच मागत आले होते. त्यांनी पेपरची घडी घातली.

"हो," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं." "समीरचं दुकान बुडत होतं. त्या मापाचं गिऱ्हाईक कुठून येणार होतं, सांग. माल अंगावर पडलेला. पोरगा खोलीतून बाहेर येईना. मला म्हणाला, पापा, मुग्धा तुमचं ऐकेल."

"आणि आम्ही मेलो असतो तर?"

"नाही, नाही बेटा. वो मैंने सोचा था." ते पुढे झुकले, मला विटांमधून गाडी काढायला शिकवताना झुकायचे तसेच. "तू जपून चालवतेस. मीच शिकवलंय तुला. उन्हाळाभर कोरड्यावर ते चालले असते. पावसाच्या आधी मी काही ना काही करून बदलवणार होतो. मी सगळा विचार केला होता."

ते मला धीर देत होते. त्यांना खरंच वाटत होतं की हे ऐकून मला बरं वाटेल. माझा सावधपणा, माझी सवय, इंदूरचं ऊन, पावसाला उरलेले महिने, सगळं त्यांनी एखाद्या अपघाताची पाहणी करावी तसं आधीच तपासून ठेवलं होतं. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर त्यानं आकडे वाचायचा हट्ट धरला असता. न वाचणारी एक मीच होते, आणि तशी मला त्यांनीच वाढवली होती.

"आईला काय सांगू?" मी विचारलं.

"वहिनींना नको सांगू," ते म्हणाले. त्यांचा आवाज फक्त तेव्हाच फाटला.

मी सांगितलं. आई भाजी निवडत होती, एका हातानं. तिनं ऐकून घेतलं, मेथीची जुडी बाजूला ठेवली. "तुझे बाबा गेले तेव्हा तीन रात्री हा माणूस दवाखान्याच्या बाकावर झोपला होता," ती म्हणाली. "ते मी आता कुठे ठेवू, मुग्धा?" पुढच्या रविवारी काका आले नाहीत. आईनं त्यांचं ताट काढलं नाही, पण भात नेहमीएवढाच लावला, आणि उरलेला रात्री फोडणीला टाकला.

गल्लीत आम्ही काही कळू दिलं नाही. समीरचं दुकान तरीही बंद पडलं. त्याला नागपुरात नोकरी लागली आणि काकांनी घर विकून त्याच्याबरोबर जायचं ठरवलं. बागेत त्यांचा निरोपसमारंभ झाला. एकेकजण उठून सांगत होता. जोशीजींच्या मुलाचे टायर काकांनी हट्टानं बदलवले आणि पुढच्याच आठवड्यात तो घाटात वाचला. कुणाच्या विम्याचे पैसे अडले होते, ते काकांच्या एका अहवालानं सुटले. सगळं खरं होतं. त्यातलं निम्मं मला आधीपासून माहीत होतं. मग सूत्रसंचालक म्हणाला, "अब मुग्धाजी बोलेंगी, ती तर काकांची मुलगीच." काकांनी मान खाली घातली. मी उठले नाही. घसा बसलाय, अशी खूण केली. लोकांना वाटलं, गहिवरली.

निघायच्या सकाळी आई खाली गेली. तिचं मनगट आता थोडं वाकडंच राहिलं आहे. त्या हातानं तिनं त्यांना वाटेसाठी दशम्यांचा डबा दिला. काकांनी वाकून तिच्या पायांना हात लावला, तशी ती मागे सरली, आणि एवढंच म्हणाली, "भावजी, पोचल्यावर फोन करा." मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. टॅक्सी वळेपर्यंत एकच चादर झटकत राहिले.

संध्याकाळी फोन आला. आईनं उचलला. प्रवास, नागपूरचं ऊन, समीरच्या फ्लॅटचा मजला, सगळं झालं. मग तिनं फोन कानापासून थोडा दूर धरला आणि माझ्याकडे पाहिलं. पलीकडून त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. "मुग्धा आहे का? दोन मिनिटं."

मी तिच्यासमोरच बसले होते. मी मान हलवली.

"ती घरात नाही," आई म्हणाली.

आईला खोटं बोलता येत नाही. शब्द तोंडातून निघाले की तिचा आवाज बदलतो, आणि तो ओळखणारी जगात दोनच माणसं उरली आहेत.

"अच्छा," काका म्हणाले. "ठीक आहे, वहिनी."

त्यानंतर ते महिन्या-दोन महिन्यांनी आईला फोन करतात. तब्येतीचं विचारतात, हाताचा व्यायाम चालू आहे का विचारतात. माझं नाव त्यांनी पुन्हा घेतलेलं नाही.