नोराची ओली माती

नोरा कुणाचाही चेहरा घडवायला घेतला की आधी कान करायची. आखातात, सालमियातल्या आमच्या इमारतीत ती समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायची. पहिल्या भेटीत नाव विचारायच्या आधी तिने मला केस मागे घ्यायला लावले. म्हणाली, "तोंड फोटोसाठी तयार होतं. कान बिचारे जसेच्या तसे राहतात."

ती आयर्लंडची. इथल्या एका शाळेत मुलांना शिल्पकला शिकवायची. घरी जेवणाच्या टेबलावर माती मळून ओळखीच्या माणसांचे चेहरे करायची आणि प्रत्येकाबद्दल वहीत चार-पाच पानं लिहायची. "हाताला कळलेलं डोक्याला सांगावं लागतं," म्हणायची. एकदा आमच्या इमारतीच्या इजिप्शियन रखवालदाराने, नाक जरा लहान कर, म्हणून गळ घातली. नोराने त्याला चहा दिला, नाक मात्र तसंच ठेवलं. "ते तुझ्या आईने केलंय. मी कोण बदलणारी?"

गेल्या उन्हाळ्यात तिने माझा चेहरा करायला घेतला. मी अवघडून बसले की ओरडायची, "बोल गं! गप्प चेहरा म्हणजे कुलूप लावलेलं दुकान."

माझे डोळे तेवढे व्हायचे होते. एके सकाळी शाळेत वर्ग चालू असतानाच तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. एकच शब्द उरला, 'मंडे'. पाणी हवं असलं तरी मंडे, दुखत असलं तरी मंडे. एका शब्दासाठी अर्धं पान खोडणारी बाई ती.

ती हॉस्पिटलात असताना मी रोज तिच्या घरी जाऊन मातीवरचं फडकं ओलं करत होते. इथल्या हवेत माती लगेच तडकते.

"अगं, तिचा हात परत यायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलंय ना?" हे म्हणाले.

"माहीत आहे," म्हटलं, आणि किल्ली घेऊन निघाले.

नोराची नोकरी गेली. नोकरीवर मिळालेला इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, तोही संपत आला. मग तिचा भाचा न्यायला आला. त्याने वह्या बॅगेत भरल्या. भाजलेले चेहरे शाळेने ठेवून घेतले. माझा कच्चाच होता. "याचं काय करायचं?" त्याने विचारलं. मी फडकं पुन्हा ओलं करून त्यावर टाकलं.

निघायच्या दिवशी त्याने तिची चाकाची खुर्ची टेबलापाशी नेली. नोराने डाव्या हाताने फडकं ओढलं आणि डोळ्याच्या जागी अंगठा टेकवला. अंगठा घसरला, गाल खरवडला गेला. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"मंडे," ती म्हणाली. "मंडे, मंडे."

पाणी हवंय? औषध? हा चेहरा मोडून टाकू? की असाच ठेवू? मी एकेक विचारत गेले, ती नाही म्हणून मान हलवत राहिली. खाली टॅक्सी थांबली होती. भाचा घड्याळ बघत होता.

"हो नोरा," शेवटी मी म्हटलं, "कळलं मला."

ती क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिने माझं मनगट सोडलं.