बाईंचा काचेचा ग्लास

आमच्या अन्नशास्त्राच्या बाई ग्लास खिडकीसमोर धरायच्या आणि एक डोळा बारीक करून आतल्या पाण्याकडे अशा बघायच्या, की जणू त्या पाण्यानं काहीतरी चोरलंय. कुणी म्हणालं, "बाई, आमची हळद चांगली हाय," की उत्तर ठरलेलं. "सांगू नको, टाकून बघ."

बीदरजवळच्या आमच्या गावातल्या हायस्कुलात त्या आल्या तेव्हा मी नववीत होते. पुस्तक त्यांनी क्वचितच उघडलं. दुधाचा थेंब तिरप्या फरशीवर सोडायचा, तिखट पाण्यावर भुरभुरायचं, सगळं आमच्याच हातांनी. वर्गातल्या एकीनं भावाच्या साखरपुड्याचे पेढे आणले, तर बाईंनी आधी तिच्याच हातात आयोडीनची बाटली दिली. पेढा निळा पडला, म्हणजे खव्यात पीठ होतं. उरलेले पेढे आम्ही तरीही खाल्ले, बाईंनी नाही. हेडमास्तरांनी तर त्यांना चहा विचारणंच सोडलं होतं, कारण त्या आधी चहापत्ती मागायच्या आणि रंग सुटतो का ते बघायला ओल्या टीपकागदावर पसरायच्या.

अशा माणसाचा तुम्हालाही संशय आला असता. मला तर आलाच. आमचं किराणा दुकान. अप्पा, म्हणजे माझे वडील, सुटी हळद विकायचे आणि अर्धं गाव ती न्यायचं. ही बाई कुणाची तरी खबरी आहे, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. त्यामुळे "उद्या घरून चिमूटभर हळद आणा," असं त्या म्हणाल्या तेव्हा मी सावध झाले. मी दुकानाच्या पोत्याला हात लावला नाही. आईच्या डब्यातली हळद पुडीत बांधून नेली. आई दरवर्षी हळकुंडं आणून घरीच कुटायची.

बाई ग्लासांवर नावं लिहू देत नसत, फक्त आकडे. माझी हळद तळाला बसली, वरचं पाणी अगदी फिकट. माझ्या शेजारणीचं पाणी मात्र अर्ध्या तासानंतरही पिवळंजर्द, म्हणजे हळदीत रंग मिसळलेला. तिच्या पलीकडच्या तिघींचंही तसंच. चौघींच्या घरची हळद आमच्या दुकानातली होती. माझे कान तापले.

तास सुटल्यावर बाईंनी मला थांबवलं. माझ्या पुडीतली हळद बोटांत चोळत म्हणाल्या, "ही जाडसर हाय. घरी कुटलेली. तुमचं दुकान हाय न्हवं?"

"व्हय, बाई."

"मग दुकानातली हळद घरी कामून खात न्हाईत?"

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. दरवर्षी कुटतात म्हणून कुटतात, एवढंच. मला बाईंचा मनापासून राग आला.

"तुम्ही कुणाला सांगणार का?"

"मी कुणालाच न्हाई. तू पण अप्पांना सांगू नको. त्यांच्यासमोर टाक."

संध्याकाळी गिऱ्हाईक नसताना मी दुकानातली हळद पाण्यात टाकली. अप्पांनी ग्लासात वाकून बघितलं. "व्यापाऱ्यानं फसवलं की," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पोतं दुकानात नव्हतं. आईला मी सगळं सांगितलं, तर तिनं भाकरी थापताना मानही वर केली नाही. जणू तिला हे नवं नव्हतं. तेच मला फार लागलं.

मी दहावीत असताना बाईंची गुलबर्ग्याला बदली झाली. जायच्या दिवशी त्या दुकानात आल्या आणि पाव किलो हळद मागितली. अप्पांनी स्वतः काचेचा ग्लास भरून पुढे ठेवला. बाईंनी चिमूट टाकली. गिऱ्हाईकं खोळंबली.

"झालं की बाई," अप्पा म्हणाले.

"अजून बसू द्या."

शेवटी त्यांनी ग्लास उजेडात धरला, एक डोळा बारीक केला. एरवी असलं पाणी त्या मोरीत ओतायच्या. त्या दिवशी मात्र प्यायल्या. "बांधा," म्हणाल्या. अप्पांनी पुडीला दोरा दोनदा गुंडाळला.

आता दुकान मी बघते. नवं पोतं उघडलं की तोच ग्लास काढते. अप्पा तेव्हा फसले होते, की त्यांना सगळं ठाऊक होतं, हे मी अजून विचारलेलं नाही. अशा वेळी बाईंची फार आठवण येते. हळद तळाला बसेपर्यंत अप्पा माझ्याकडे बघत नाहीत, रस्त्याकडे बघत बसतात.