हत्तीण गावाची, पिल्लू वस्तीचं

“सोंड वर पाहिजे,” सरपंच म्हणाले. “खाली सोंड म्हंजे अवलक्षण. वर सोंड शुभ असतीय.”

पंचायतीच्या ओट्यावर बसलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. पाण्याच्या टाकीला कुठलं जनावर लावायचं, हे त्यांचं सकाळपासून चाललं होतं. आधी गाय ठरली होती. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की गायीच्या तोंडातून पाणी म्हणजे गोमुख, आणि गोमुखाचं पाणी सगळेच भरणार. गाय गेली. रेडा सुचवला तर तो यमाचा. शेवटी हत्ती उरला. आता सोंडेवर घोळ सुरू झाला होता आणि मी दुसऱ्या चहाची वाट बघत बसलो होतो.

माझा धंदा सिमेंटच्या पाट्यांचा. पत्र्यावर रंगवलेली पाटी दोन पावसाळ्यांत गंजते. मी पाटीच जनावराची करतो. बागेत पोपटाच्या चोचीत ‘फुले तोडू नका’. शाळेपुढे आ वासलेला बेडूक, त्याच्या जिभेवर ‘कचरा मला द्या’. पोरं बेडकाला कचरा भरवतात, मोठी माणसं त्याच्या शेजारी टाकतात. परभणीपासून वालूर, चुडाव्यापर्यंत माझी जनावरं उभी होती. याला शिल्पकला म्हणतात हे मला शिकताना सांगितलं होतं. जिल्ह्यात मात्र मला सगळे ‘पेंटर’च म्हणायचे.

हे गाव पेडगावच्या पलीकडचं. नाव सांगत नाही, त्या गावाला वाटेल आपलंच एकट्याचं असं आहे. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस होते. चौकातली आणि बौद्ध वस्तीतली माणसं एकमेकांकडे बघून न बघितल्यासारखं करत होती. अशा वेळी सरकारी पैशातून या दोहोंच्या मधोमध पाण्याची टाकी मंजूर झाली. विहिरीवरच्या मोटारीनं ती भरायची आणि तोटीनं लोकांनी पाणी घ्यायचं. टाकीला शोभा म्हणून आणि लांबून ओळखू यावी म्हणून माझं जनावर.

“पेंटर, तुमी कुणातले?” ओट्यावरच्या एकानं विचारलं.

“सिमेंटातले,” मी म्हणालो.

त्याला ते आवडलं नाही. माझी जात मी त्याला सांगितली नाही, तुम्हालाही सांगत नाही.

सोंडेचं ठरल्यावर सरपंचांनी खरी गोष्ट काढली. “एक तोटी सोंडंत, चौकाकडं. ती गावाला. दुसरी मागं, शेपटीपाशी, खाली. ती वस्तीला.”

“हत्तीच्या शेपटीखालून काय निघतं, सरपंच?” मी विचारलं.

एक-दोघं हसले. सरपंच हसले नाहीत. “आमी काय वाईट करायलाव का? पाणी तर द्यायलाव ना?”

बरोबर जे. ई. साहेब होते, म्हणजे पंचायत समितीचे ज्युनिअर इंजिनिअर. कागदावर टाकी सार्वजनिक होती आणि तिच्यावर सही त्यांची होती. ते चहाच्या बशीत बघत राहिले. मी सांगितलं, शेपटीखाली तोटी करणार नाही. हवं तर हत्तीची हत्तीण करतो आणि मागे तिचं पिल्लू, पाणी त्याच्या सोंडेतून येईल. पिल्लाची सोंड शुभ हवी की कशी?

“त्याची खालीच ऱ्हाऊ द्या,” सरपंच म्हणाले. “त्यांना काय करायचंय शुभ.”

मग त्यांना हत्तिणीच्या पोटावर ‘गावासाठी’ आणि पिल्लाच्या पोटावर ‘वस्तीसाठी’ अशी अक्षरं हवी होती. मी म्हणालो, सिमेंटमध्ये काढलेलं अक्षर पुसता येत नाही. उद्या मोठे साहेब आले आणि त्यांनी वाचलं, तर टाकी सोडून तुमचंच उद्घाटन होईल. हे मात्र त्यांना लगेच समजलं. “मग ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “सगळ्यांना ठावं हायच.” दोन्हीकडे मी फक्त ‘पिण्याचे पाणी’ एवढंच काढलं.

सिमेंटचं जनावर करायची रीत सोपी आहे. आधी लोखंडी सळयांचा सांगाडा, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी जाळी, मग थापीनं थरावर थर माल चढवायचा. माल म्हणजे सिमेंट, वाळू आणि पाणी. नंतर गोणपाट गुंडाळून दिवसचे दिवस ते ओलं ठेवायचं. यात कुचराई केली तर हत्तीला भेगा पडतात. हे सगळं पाणी वाहायला, माल कालवायला बायका वस्तीतल्याच होत्या. त्यांच्या हातचं पाणी टाकीच्या भिंतींत गेलं, हत्तिणीच्या गंडस्थळात गेलं. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, कारण तेव्हा ते पाणी नव्हतं, काम होतं.

त्या बायकांत शेवंताबाई म्हणून एक होती. गोणपाट भिजवताना ती एकदा म्हणाली, “पेंटरभाऊ, ती पिल्लाची तोटी आमाला आमच्या हातानं उघडता येईल का?”

“तोटी आहे म्हणजे उघडता येणारच.”

“तसं न्हाई. विहिरीवर आमी घागर ठिवून बसताव. कुणी वरून वाढलं तर पाणी. न्हाई वाढलं तर बसायचं. दुपार हुती. म्हून इचारलं.”

तिला वर सोंड, खाली सोंड याचं काही नव्हतं. तोटी आपल्या हातानं फिरवायची, एवढंच. मला त्या ओट्यावरच्या मंडळींचा इतका संताप आला की त्या दिवशी पिल्लाचे कान मी दोनदा मोडून पुन्हा केले.

हत्तिणीची सोंड चढवण्याआधी जे. ई. साहेबांना बाजूला घेतलं. टाकी पुरुषभर उंच होती. शुभ सोंडेची तोटी बाईच्या खांद्याला लागेल एवढ्या उंचीवर येत होती. “साहेब, पाणी तोटीच्या खाली उतरलं की सोंड कोरडी पडणार. पाणी काही चढून येणार नाही.”

“टाकी रोज भरणार आहे,” साहेब म्हणाले. “सरपंचांनी सांगितलंय.”

“उन्हाळ्यात?”

“तुम्ही हत्ती करा हो.”

मी हत्ती केला.

उद्घाटनाला सभापती आले. टाकी काठोकाठ भरली होती. हत्तिणीला हार, हळदकुंकू, नारळ. भटजींनी गणपतीचं म्हटलं. सोंडेतून धार पडली तेव्हा टाळ्या वाजल्या. पिल्लाकडे कुणी नारळ नेला नाही. शेवंताबाईनं तोटी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. तिच्या मागं उभ्या असलेल्या म्हातारीलाही तिनं तसंच करायला लावलं.

उन्हाळा तापला आणि सरपंचांचा माणूस मोटारसायकलवर परभणीला माझ्या दारात आला. पेंटर, तुमचा हत्ती बिघडलाय म्हणाला.

हत्ती बिघडला नव्हता. विहिरीचं पाणी खाली गेलं होतं आणि लाइट असली तर असायची. टाकी जेमतेम निम्मी भरत होती. गावाची शुभ सोंड कोरडी ठणठणीत, आणि पिल्लाच्या सोंडेतून मनगटाएवढी धार. गावातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन चौकात उभ्या होत्या. पलीकडे वस्तीतल्या बायका भरलेल्या घागरी घेऊन घरी जात होत्या.

“पिल्लाची तोटी बंद करा,” सरपंच म्हणाले. “सगळं पाणी तिकडंच जायलंय.”

शेवंताबाई तोटीपाशीच होती. तिनं ऐकलं. हातातली घागर तिनं खाली ठेवली, पण जागची हलली नाही.

मी म्हणालो, “करतो बंद. निम्मी टाकी पाणी आत राहील. ना त्यांना, ना तुम्हाला. चार दिवसांनी त्यात किडे होतील.”

“मग सोंड खाली घ्या आमची.”

“घेतो. पण आत सळई आहे, ती वाकत नाही. सोंड तोडून नवी करावी लागेल. आणा हातोडा. पहिला घाव तुमचा.”

ओट्यावरची सगळी मंडळी हत्तिणीकडे बघायला लागली. सोंडेवर वाळलेला हार होता, कपाळावर कुंकू होतं. गणपती म्हणून जिची पूजा केली, तिची सोंड भर चौकात तोडायची. मला अवलक्षण शिकवणाऱ्या या माणसांपैकी हातोडा आणायला कुणी उठलं नाही.

“दुसरीकडून काढा की तोटी,” कुणीतरी म्हणालं. “खालून कुठून तरी.”

“चौकाच्या बाजूला सगळी हत्तीणच आहे. खालून म्हणजे तिच्या पोटाखालून, मागच्या दोन पायांच्या मधून. काढू का?”

आता वस्तीतल्या बायका उघड हसल्या. सरपंचांनी जे. ई. साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी आभाळाकडे पाहिलं. तिथं ढगही नव्हता.

शेवटी घरात प्यायला पाणी नाही म्हणून सरपंचांच्या बायको, पाटलीणबाई, निघाल्या. पदर डोक्यावर घट्ट ओढून, घागर कमरेवर घेऊन त्या चौकातून टाकीला वळसा घालून पिल्लापाशी गेल्या. त्यांच्या मागून बाकीच्या. “सरक गं जरा,” त्या शेवंताबाईला म्हणाल्या.

“पाटलीणबाई, घागर मागं ठिवा,” शेवंताबाई म्हणाली. “लाइन हाय.”

मला वाटलं आता काहीतरी होणार. सरपंच दोन पावलं पुढे आले आणि थांबले. ऊन रणरणत होतं. पाटलीणबाईंनी घागर मागं ठेवली.

त्यांचा नंबर आला तेव्हा शेवंताबाई तोटी बंद करून बाजूला झाली. पाटलीणबाईंनी तोटीला हात लावला नाही. आधी ती धुवायला हवी होती, वस्तीतल्या बायकांचे हात लागलेली होती ना. पण धुवायला पाणी कुठून आणणार? त्या विचारात पडल्या. सगळ्या चौकानं बघितलं. मग त्यांनी पदरानं धरून तोटी उघडली, ओंजळीत पाणी घेतलं, तोटी बंद केली, आणि त्याच पाण्यानं तीच तोटी स्वच्छ धुतली. मग समाधानानं घागर लावली. मागच्या प्रत्येकीनं तसंच केलं. निम्म्या टाकीतलं बरंच पाणी त्या दिवशी तोटी धुण्यात गेलं.

पाणी उताराकडे जातं, हे त्या गावाला पटवायला एक हत्तीण लागली. बाकीचं पटवू शकेल असं जनावर मला अजून करता आलेलं नाही.