आगर म्हणजे काय?

फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून रद्दीचे गठ्ठे बांधत होते. साताऱ्याहून कुंदाचा भाऊ बोलत होता. "वहिनी, ताई गेली. पहाटे." तो पुढे काही सांगत होता, पण मी मध्येच विचारलं, "प्रबंधाचे कागद कुठे आहेत?" असं कोणी विचारतं का? तो म्हणाला, "तिच्या उशाशी आहेत." तोवर दूध उतू गेलं होतं... याला आता सात आठवडे झाले. मी बसले की उठते, आणि उठले की कशाला उठले ते आठवत नाही.

तन्वी, निखिल, माझ्या या लेखाचं कात्रण टोरांटोला पोचेल तेव्हा तुम्हाला कुंदाआजी आठवेल ती तुमच्या शर्टाची कॉलर उलटून बघणारी. "हा शिवला कुठे? कापड कुठलं? आणि बटणं?" वाशीच्या आमच्या सोसायटीत ती समोरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची आणि कॉलेजात भूगोल शिकवायची. नव्वदनंतर जागतिकीकरण हा शब्द पेपरात रोज दिसू लागला. जिन्यात वाद व्हायचे, हे चांगलं की वाईट. कुंदा म्हणायची, "भांडा नंतर. आधी सांगा, कुठे? जग जवळ आलं म्हणता, मग ते उतरलं कोणाच्या जमिनीवर?" पन्नाशी उलटल्यावर तिने याच प्रश्नावर पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. बंदरालगतची गावं आणि तिथे उभी राहणारी कंटेनरची यार्डं, हा तिचा विषय.

रविवारी ती बसने द्रोणागिरीच्या बाजूच्या एका गावात जायची, माणसांना बोलतं करायची आणि मराठीत नोंदी आणायची. मी त्यांचं इंग्रजी करून टाइप करायचे. माझं इंग्रजी चांगलं, शिस्त कडक, आणि दोन्हींचा मला अभिमान.

एका नोंदीत हिराबाई नावाच्या म्हातारीचं वाक्य होतं, "आमचं आगर गेलं, तवा हे डबे आले." डबे म्हणजे कंटेनर. कुंदा साताऱ्याची. "वहिनी, मी हसलेच हो! आमच्याकडे आगर म्हणजे एस.टी.चा डेपो. म्हटलं, हिची एस.टी. कुठे गेली?" मी म्हणाले, "अगं, आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. मी कोकणातली, मला विचार." "नक्की ना? की पुढच्या रविवारी विचारून येऊ?" "एका शब्दासाठी एवढी धावाधाव नको," मी म्हणाले. तिने ती जागा पाहिली तेव्हा तिथे भराव पडून कंटेनर रचले होते, त्यामुळे माझ्यावर विश्वास ठेवण्याखेरीज ती काय करणार? प्रबंधभर मी नारळाच्या बागा टाइप केल्या. तिने नकाशावर त्या हिरव्या रंगवल्या.

प्रबंध द्यायची तारीख ठरली तोवर तिचं दुखणं उघड झालं होतं. डॉक्टरांनी वर्षाच्या पुढचं काही बोलणं टाळलं. तरी देण्याआधी गावात वाचून दाखवायचं, हा तिचा हट्ट. मीही बरोबर गेले. हिराबाईच्या ओटीवर कुंदा मराठीत सांगत होती आणि बागांपाशी आल्यावर म्हातारीने हात वर केला. "थांब, बाय. आमचे आगरान नारल कवा लागलं? आमचे आगरान मीठ पिकं!" सून पदर तोंडाशी धरून म्हणाली, "शिकलेल्या बायांनी मीठ झाडाला लावलं!" सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते. कुंदाने वही उघडली. "मिठागर? मग ती जमीन एवढी सपाट..." "आमी केली. पायानं."

परतीच्या बसमध्ये मी म्हणाले, "शुद्धिपत्र जोडू. एकच तर शब्द आहे."

"एक शब्द नाही, वहिनी. मी लिहिलंय की सपाट जमीन आयती मिळाली म्हणून यार्ड इथे आलं. आयती कुठली? मिठाच्या वाफ्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या पायांनी तुडवून केलेली आहे ती. जग ज्या सपाटीवर उतरलं ती यांची मेहनत आहे. माझं सगळं म्हणणंच चुकलं."

"आणि तारीख?"

"जाऊ दे तारीख."

"कुंदा, तुझ्याकडे वेळ नाही!" भर बसमध्ये मी हे ओरडून बोलले. कंडक्टरने मागे वळून पाहिलं.

ती म्हणाली, "म्हणूनच चुकीचं देऊन जायचं नाही."

तिने सगळं नव्याने लिहायला घेतलं. तिने मला एकदाही दोष दिला नाही, आणि त्याचाच मला राग येतो. चिडली असती तर मी भांडून मोकळी झाले असते. शेवटी भाऊ येऊन तिला साताऱ्याला घेऊन गेला.

ती गेल्यावर तिचे कागद पार्सलने आले. सहाव्या प्रकरणाचा मथळा होता, 'जमीन सपाट कशी झाली'. त्याखाली कोरी पानं. चार दिवस मी ती या टेबलावरून त्या टेबलावर ठेवत होते. गेल्या रविवारी उठले आणि बस पकडली.

हिराबाई ओटीवर सुकट निवडत होती. "ती बाय नाय आली?" मी सांगितलं. तिचे हात थांबले. हातातली सुकट सुपात टाकून तिने विचारलं, "पास झाली का ती?"

"नाही," मी म्हणाले. "नारळाचं ते मी घातलं होतं. तिने नाही. माझ्यामुळे राहिली." हे मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. तुमच्या आजोबांनाही नाही.

तिने सूप बाजूला सारलं. "काय रायलंय लिवायचं?"

मी कोरं पान दाखवलं आणि पेन उघडलं. "तुम्ही सावकाश सांगा. मी लिहून घेते."

"लिवून काय समजनार तुला? चपला काढ."

तिने अंगणात बादलीभर पाणी ओतलं, माती भिजू दिली आणि माझा हात धरला. साडी घोट्याच्या वर खोचून मी चिखलात उभी राहिले आणि पाय आपटला.

"तसा नाय. टाच आधी. मंग बोटां. दुसरा पाय त्याला चिकटून."

मी टाच टेकवली, मग बोटं. माती गार होती. चार-पाच पावलं गेल्यावर मागे वळून पाहिलं, तर माझी ओळ चांगलीच वाकडी गेली होती. मी ती पायाने सारखी करायला गेले.

"पुसायची नाय," हिराबाई म्हणाली. "तिच्यावरनंच परत चल."