मावशीने घर रंगवायला घेतलं

माझी मावशी एकतीस वर्षं रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. एखादा आकडा जरा विचित्र आला की ती नवा नमुना मागवून पुन्हा तपासायची, म्हणून डॉक्टर मंडळी तिला 'पुन्हा बघू बाई' म्हणत. ती निवृत्त झाली आणि चौथ्याच महिन्यात तिची नजर स्वतःच्या घराच्या बाहेरच्या भिंतींवर पडली.

भिंतींचे पोपडे निघाले होते. रंगारी दोनदा येऊन, भिंतीला टिचक्या मारून, "सोमवारी सुरू करतो" असं सांगून गेला होता. कुठल्या सोमवारी, ते तेवढं सांगायचं राहिलं होतं. शेवटी एका सकाळी मावशीने चहाचा कप खाली ठेवला आणि काकांना म्हणाली, "अहो, आपणच रंगवू या."

"आपण म्हणजे कोण?" काकांनी सावधपणे विचारलं.

"मी रंगवते. तुम्ही शिडी धरा."

मग तिने मला फोन केला. "भाचीबाई, आठवडाभर सुट्टी काढ. काय गंमत आहे ते इथे आल्याशिवाय कळायचं नाही!"

मी पोचले त्याच दुपारी आम्ही रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने फवारणीचं यंत्र पुढे केलं. "हे न्या बाई. एका दिवसात घर चकाचक."

"यंत्र द्या, रोलर द्या, ब्रशही द्या," मावशी म्हणाली. "तपासल्याशिवाय मी कुणाचंच ऐकत नाही."

मागच्या भिंतीवर तिने खडूने तीन सारखे चौकोन आखले आणि माझ्या हातात घड्याळ दिलं. ब्रशचं काम देखणं झालं, पण एका चौकोनाला चाळीस मिनिटं लागली आणि मनगट भरून आलं. रोलर झरझर फिरला, पण तो होता गुळगुळीत, आखूड केसांचा. खडबडीत गिलाव्याच्या खळग्यांत तो पोचेचना. मग मावशीने यंत्र सुरू केलं. तीन मिनिटांत चौकोन संपला! मी टाळ्याच पिटल्या. तेवढ्यात वारा आला.

कुंपणापलीकडे शेजारचे आजोबा पेपर वाचत बसले होते. त्यांनी मान वर करून विचारलं, "काय हो, आज धुकं पडलंय का?"

त्यांच्या चष्म्यावर, टकलावर आणि पेपरावर पिवळ्या रंगाची नाजूक रांगोळी उमटली होती. मावशी ओलं फडकं घेऊन धावली. रंग पाण्याने धुऊन निघणारा होता, म्हणून निभावलं. पुसून घेता घेता आजोबाच हसत सुटले. "रंग मात्र छान निवडलात हो!"

यंत्र परत गेलं. दुकानदाराला सगळी हकीकत ऐकवल्यावर त्याने आतून जाड, लांब केसांचा रोलर काढला. "मग हा घ्या. खडबडीत भिंतीला हाच." पुन्हा चाचणी झाली आणि खळगा न् खळगा भरला. "सापडला!" मावशी अंगणात ओरडली. मोठ्या भिंतींना लांब दांड्यावर हा रोलर आणि खिडक्यांच्या कडांना दोन इंची ब्रश, असं ठरलं.

मला वाटलं, आता रंग. कसलं काय! मावशीने तळहात भिंतीवर घासला, तो पांढराफटक झाला. "भिंत भुकटी सोडतेय. हिच्यावर रंग टिकेल कशाला?" मग दोन दिवस पोपडे खरवडले, तारेच्या ब्रशने घासलं, पाइपने धुतलं. भेगा बुजवल्या, सगळं खडखडीत वाळू दिलं आणि मग रंग धरून ठेवणारा पांढरा प्रायमर. तो वाळला आणि एकदाचा पिवळ्याचा डबा उघडला! सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची. उन्हात रंग नीट पसरायच्या आधीच सुकतो, म्हणून आम्ही सावलीच्या मागे मागे घराला प्रदक्षिणा घालत होतो. येणारेजाणारे थांबून बघायचे. मावशीच्या अंगात वारं शिरलं होतं. जेवणाची हाक मारली तरी "एवढा हात संपवते" म्हणायची.

राहिला समोरच्या भिंतीचा छपराखालचा त्रिकोण. शिडीवरून दांडा वीतभर कमी पडत होता. मावशी आणखी एक पायरी चढली, टाचा उचलल्या, हात ताणला. आणि शिडी कर्रकन सरकली.

"खाली उतर! आत्ताच्या आत्ता!"

काका ओरडले होते. पस्तीस वर्षांत त्यांनी आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. शिडी त्यांनी दोन्ही हातांनी आणि छातीने दाबून धरली होती. मावशी गुपचूप उतरली आणि पायरीवर बसून घटाघटा पाणी प्याली.

"चूक माझी," ती म्हणाली. "साधन बदलायला हवं."

दुसऱ्या दिवशी भाड्याने चाकांची लोखंडी परांची आली, वर कठडा असलेली. काकांनी प्रत्येक नट स्वतः आवळला, चाकं हलू नयेत म्हणून त्यांच्या खिट्ट्या लावल्या. मावशी चढायला निघाली तर त्यांनी तिला अडवलं. "आधी मी." ते वर गेले, फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, कठडा हलवून पाहिला आणि मग हात खाली केला. "ये."

दोघंही वर! मी खालून दोरीने डबा चढवत होते.

"अहो, ओल्याला ओलं जोडा, नाहीतर सांधा दिसेल!"

"दिसतंय मला. तू तुझी कड सांभाळ."

"तुम्हाला कधीपासून येतं हो हे?"

"चार दिवस शिडी धरून काय तुझे पाय बघत होतो?"

हसता हसता माझ्या हातून दोरी सुटलीच असती. संध्याकाळी आम्ही तिघं रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो. तिरप्या उन्हात घर उजळून निघालं होतं. काकांच्या भुवयाही पिवळ्या झाल्या होत्या.

"पुन्हा बघू या?" त्यांनी विचारलं.

"नको," मावशी म्हणाली. "बरोबर आलंय."

मी घरी परतले आणि आईला फोटो दाखवले. आईने लगेच मावशीला फोन लावला, "आमच्याही भिंती बघ गं जरा." पुढच्याच रविवारी मी बसथांब्यावर गेले, तर बसच्या दारातून आधी रोलरचा लांब दांडा बाहेर आला, मागून ब्रशची पिशवी घेतलेली मावशी आणि तिच्या मागून, "हळू, कुणाला लागेल," म्हणत काका.